शिक्षणाचा जमाखर्च (भाग 4) : शिष्यवृत्ती पडेपर्यंतचे महिने

मागच्या भागात जातीचा दाखला आणि जात पडताळणी या दोन कागदांचा प्रवास आपण पाहिला. समजा, ते दोन्ही हातात आले, प्रवेश झाला, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्जही भरला. तरी नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल-ठाणापाडा पट्ट्यातल्या पुष्कळ मुलामुलींच्या डोक्यावर पहिल्याच वर्षी कर्ज बसते. योजना कागदावर नीट आहे, मुलगा पात्र आहे, पैसेही मंजूर आहेत. अडते ते मधल्या महिन्यांत. या भागात त्या महिन्यांविषयीच बोलायचे आहे, कारण माझ्या मते आपल्या भागातल्या विद्यार्थ्याचे कर्ज फीपेक्षा उशिरातूनच जास्त उगवते.

तीन वेळापत्रके

महाविद्यालयाचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. प्रवेश, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, मेस, पुस्तके, बसचा पास हे सगळे त्याच पंधरवड्यात रोख द्यावे लागते.

घरचे वर्ष वेगळ्या तालावर चालते. जुलै म्हणजे भात-नागलीच्या आवणीचे दिवस. घरात असलेली रोकड बियाणे आणि खतात गेलेली असते. पैसा दिसू लागतो तो पावसाळा सरल्यावर, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीची कामे निघाली की. पुढे काढणी संपेपर्यंत मजुरी चालते आणि पावसाच्या तोंडावर माणसे गावाकडे परततात. म्हणजे महाविद्यालय पैसे मागते तेव्हाच घर वर्षातले सर्वांत कोरडे असते.

तिसरे वेळापत्रक सरकारचे. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे, आणि त्यानंतर निधीची वाट. बऱ्याचदा दिवाळी जाते, कधी दुसरे सत्रही सुरू होते, तेव्हा कुठे ‘स्कॉलरशिप पडली’ असा निरोप येतो.

ही तीन वेळापत्रके आपण बदलू शकत नाही. त्यांच्यामधले अंतर मात्र कमी करता येते, आणि जे उरेल ते कमीत कमी व्याजात पार करता येते.

हक्काचे पैसे किती?

आधी येणे किती ते पक्के करू. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. तिच्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता येतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले, तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कासाठी राज्याची वेगळी योजना आहे, त्यामुळे ‘आपण बसत नाही’ असे गृहीत धरून अर्ज सोडू नका.

निर्वाह भत्त्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. केंद्राने 2010 मध्ये ठरवलेल्या दरांनुसार बीए-बीएस्सीसारख्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्याला महिना 570 रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला 300 रुपये. नाशिकमध्ये एवढ्यात महिना निघत नाही.

राहण्या-जेवणाची खरी सोय दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग शासकीय आदिवासी वसतिगृहाचा. तिथे जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. 2016-17 पासून चालू असलेल्या या योजनेत नाशिकसारख्या महापालिका शहरात शिकणाऱ्यासाठी वर्षाला 51 हजार रुपये ठरले आहेत: भोजनासाठी 28 हजार, निवासासाठी 15 हजार आणि निर्वाहासाठी 8 हजार. ही रक्कम थेट खात्यात आणि हप्त्यांनी येते, पण एकाच वेळी वसतिगृह आणि स्वयम् असे दोन्ही घेता येत नाही.

वसतिगृहातल्या मुलांनाही उशिराचा फटका बसू शकतो. 2018 मध्ये शासनाने अनेक वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचे ठरवले. त्याविरुद्ध जुलै 2018 मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले आणि सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे येथे पोलिसांनी त्यांना अडवले. ताटातले जेवण रोजच्या रोज मिळते, खात्यातले जेवण हप्ता पडेल तेव्हा मिळते. मुलांची ही भीती रास्त होती, असे मला ठामपणे वाटते. ज्याच्या घरी महिनाभराचे अन्न आगाऊ विकत घेण्याची ऐपत नाही, त्याला उशिरा आलेले पूर्ण पैसेही अपुरेच पडतात.

पैसे अडतात कुठे?

उशिराचा काही भाग आपल्या हातातला आहे. तीन जागा लक्षात ठेवा.

पहिली जागा उत्पन्नाचा दाखला. त्याची मुदत साधारण 31 मार्चला संपते. जुलैत सगळा तालुका एकदम सेतू केंद्रावर लोटतो, तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदारांची सही यात आठवडे जातात. बारावीचा निकाल यायची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज टाका. त्या वेळी आई-वडील द्राक्षबागेवर असतील, तर लागणारे कागद आणि सही-अंगठा ते होळीला गावी येतील तेव्हाच घेऊन ठेवा.

दुसरी जागा अर्जावरचा ‘सेंड बॅक’ शेरा. एखादे गुणपत्रक अस्पष्ट दिसले, गॅप प्रमाणपत्र राहिले, तर अर्ज परत पाठवला जातो. मोबाइलवर संदेश आला नाही किंवा नंबर बदलला, तर विद्यार्थ्याला पत्ताच नसतो. तो ‘फॉर्म भरलाय’ म्हणून निश्चिंत असतो आणि अर्ज त्याच्याच खात्यावर पडून राहतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून स्थिती पाहा. लॉगिनचे नाव आणि पासवर्ड सेवा केंद्राच्या दुकानात न ठेवता स्वतःच्या वहीत ठेवा.

तिसरी जागा बँक खाते, आणि हिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. शिष्यवृत्ती आधारवर येते. अर्जासोबत जोडलेल्या पासबुकातच ती जमा होईल असे नाही. आधार ज्या खात्याशी एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत शेवटचे जोडले गेले असेल, त्या खात्यात पैसे जातात. समजा, मुलीने अकरावीत हरसूलला बँकेत खाते उघडले. पुढे दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी पोस्टमन घरी आला आणि अंगठा घेऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडून, आधार त्याला जोडून गेला. आता शिष्यवृत्ती त्या दुसऱ्या खात्यात पडते आणि मुलगी पहिल्या पासबुकात एंट्री मारून मारून थकते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दोन मिनिटांत कळते. खाते चालू आहे ना, केवायसी झाले आहे ना, नाव आधारप्रमाणेच आहे ना, हेही त्याच दिवशी पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क वसूल करू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी दिल्या आहेत. तरी खिडकीवर ‘आधी भरा, मग परत मिळेल’ असे ऐकू आले, तर वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याची प्रत नाशिकच्या प्रकल्प कार्यालयाला द्या. तोंडी विनंती हवेत जाते, पोच असलेला अर्ज फाइलला लागतो.

मधले अंतर कशाने भरायचे?

एवढे करूनही काही महिने उरतातच. समजा, जुलैत 15 हजार रुपये कमी पडले आणि ते फेब्रुवारीअखेर फिटणार आहेत. म्हणजे आठ महिने.

गावात कुणी शेकडा पाचने दिले, तर महिन्याला 750 रुपये व्याज, आठ महिन्यांचे 6 हजार. बचत गटातून शेकडा दोनने घेतले, तर तेच व्याज 2 हजार 400, आणि ते गटाच्या म्हणजे गावाच्याच पेटीत राहते. आई गटात असेल, तर मे महिन्याच्या बैठकीतच मागणी नोंदवून ठेवा.

सावकारीचा कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये लागू झाला. परवाना असलेल्या सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला 12 टक्के आणि इतरांकडून 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

दोन प्रकारचे पैसे मात्र शिक्षणासाठी घेऊच नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

एक, मुकादमाकडची किंवा बागायतदाराकडची उचल. तिच्यावर व्याज लिहिलेले नसते, म्हणून ती स्वस्त वाटते. पण उचल घेतली की आई-वडिलांनी कोणत्या बागेवर जायचे, किती रोजाने आणि किती दिवस, हे ठरवण्याची मोकळीक जाते. शेजारच्या गावात जास्त मजुरी निघाली तरी हलता येत नाही. ते न दिसणारे व्याज आई-वडिलांच्या अंगावरून वसूल होते.

दुसरे, मोबाइलवरचे झटपट कर्ज. पाच हजार मंजूर म्हणतात, ‘प्रोसेसिंग’ कापून साडेतीन हजार देतात आणि सात दिवसांत पाच हजार परत मागतात. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार, म्हणजे एका आठवड्यात सुमारे 43 टक्के. मग पहिले फेडायला दुसरे ॲप, दुसऱ्याला तिसरे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये यासाठी नियम केले: कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव सांगावे लागते, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावे लागतात, वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत आधी दाखवावा लागतो, आणि ॲपला तुमच्या फोनमधली नावे-नंबर उचलता येत नाहीत. यातला एखादा नियम जरी पाळला जात नसेल, तरी ते ॲप काढून टाका. धमकीचे फोन आले, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा. हे सगळे घरी आधी सांगा. लाजेपोटी लपवलेले कर्जच सर्वांत जास्त वाढते.

कमाईचा एक सरळ मार्गही आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी तासाच्या हिशेबाने काम मिळते. प्रवेशाच्या आठवड्यातच विद्यार्थी विकास विभागात नाव द्या, जागा मोजक्या असतात.

आधीच कर्ज झाले असेल तर

वहीचे एक पान घ्या. कुणाचे किती, व्याज किती, कधी द्यायचे, हे एकाखाली एक लिहा. ज्याचे व्याज सर्वांत जास्त, ते आधी फेडा, रक्कम छोटी असो वा मोठी. शिष्यवृत्ती पडली की त्याच दिवशी दोन वाटे करा: एक फेडीचा, एक पुढच्या जुलैचा. दुसऱ्या वाट्यातले दोन-तीन हजार जरी वेगळे राहिले, तरी पुढच्या वर्षीची उसनवारी तेवढ्याने कमी होते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ती संपूही शकते. वसुलीला कुणी आले आणि पैसे दिले, तर पावती घेतल्याशिवाय सोडू नका.

नर्सिंग, अभियांत्रिकी, फार्मसी अशा मोठ्या खर्चाच्या अभ्यासक्रमाला मात्र ही उसनवारी पुरत नाही. तिथे रीतसर शैक्षणिक कर्ज लागते. नाशिकलाच मुख्यालय असलेल्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत सहा टक्के व्याजाची शिक्षण ऋण योजना, बँकांचे साडेसात लाखांपर्यंतचे विनातारण कर्ज, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळणारी व्याजमाफी, यांचा अर्ज कसा करायचा आणि बँकेने नकार दिला तर काय करायचे, हे पुढच्या भागात.

तोपर्यंत या आठवड्यात एवढे करा: आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते पाहा, आणि महाडीबीटीवर अर्जाची आजची स्थिती काय आहे ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.