बागेत शिक्रा आला तर

बागेत किंवा बाल्कनीत पाखरांसाठी दाणापाणी ठेवले की कधीतरी तिथे शिक्राही येतो. कबुतराएवढा, पाठीने राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेषा असलेला हा शिकारी पक्षी पानांआड हालचाल न करता बसून राहतो. त्याची चाहूल लागताच खार चिरचिरू लागते, बुलबुल आणि साळुंक्या कलकलाट करतात. त्यातूनही एखादे पाखरू त्याच्या पंजात सापडले की पाहणाऱ्याचा जीव कळवळतो. आपणच त्याला मरणाच्या दारात बोलावले असे वाटते. ही कळकळ खरी आहे. पण शिक्र्यामुळे बागेतली पाखरे संपतील, हा तिच्यातून निघणारा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही.

हा पुरावा प्रामुख्याने इंग्लंडमधला आहे, कारण तिथे नकळत एक मोठा प्रयोगच घडून गेला. शिक्र्याचा जवळचा भाऊबंद असलेला स्पॅरोहॉक तिथल्या रानांत आणि बागांत लहान पक्ष्यांवर जगतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बियाण्याला चोळल्या जाणाऱ्या डिल्ड्रिनसारख्या विषांनी तो मरू लागला, डीडीटीने त्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, आणि देशाच्या मोठ्या भागातून तो नाहीसा झाला. या रसायनांवर निर्बंध आल्यावर तो हळूहळू परतला. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात ‘टिट’ या चिमुकल्या पक्ष्यांची नोंद १९४७ पासून ठेवली जात होती. शिकारी नव्हता त्या वर्षांत वीण करणाऱ्या टिटांची संख्या फुगली नाही, आणि तो परतल्यावर ती कोसळलीही नाही. आणि हे तो दर उन्हाळ्यात त्यांच्या नवख्या पिल्लांतला मोठा वाटा उचलत असताना. बदलले ते त्यांचे वजन. शिकारी नसताना ग्रेट टिट अंगाने भरले होते, तो आल्यावर हलके झाले. अंगावरची चरबी उपासमारीत तारते, पण झेप जड करते; शिकारी जवळ असला की पाखरू सडपातळ राहणे पत्करते.

संख्या का घटली नाही, हे साध्या हिशोबातून कळते. ग्रेट टिटची मादी एका विणीत सात-आठ किंवा त्याहूनही जास्त अंडी घालते. संख्या स्थिर राहायला एका जोडप्याच्या साऱ्या आयुष्यातली दोनच पिल्ले वाढून विणीला आली तरी पुरे. उरलेली बहुतेक थंडी, भूक किंवा रोगाने जाणारच असतात. शिकारी त्यांतली काही आधी उचलतो, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या वाट्याला अधिक अन्न येते. किती पाखरे जगतील हे मुख्यतः अन्न आणि घरट्याची जागा ठरवतात.

यावर कोणी म्हणेल, स्पॅरोहॉक वाढला त्याच काळात ब्रिटनमधले शेतपक्षी घटले. काळ जुळला हे खरे. पण शेतपक्ष्यांच्या घटीची मुळे तणनाशके, बदललेले पेरणीचे हंगाम आणि उखडलेली कुंपणे यांत सापडली. आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासात या घटीचा शिकारी पक्ष्यांच्या प्रसाराशी मेळ बसला नाही. शहरी चिमण्यांबाबत मात्र काही संशोधक स्पॅरोहॉकला जबाबदार धरतात, आणि तो मुद्दा झटकून टाकू नये. जी संख्या आधीच खंगलेली असते, तिला प्रत्येक घाव जास्त लागतो. पण म्हणूनच उपाय खंगण्याच्या कारणावर हवा. चिमणीच्या पिल्लांना किडे लागतात, आणि औषध फवारलेल्या बागेत ते मिळत नाहीत.

शिक्रा तर केवळ पक्ष्यांवर जगतही नाही. सरडे, उंदीर, टोळ हेही त्याचे भक्ष्य. शिवाय भक्ष्य कमी झाले की त्यालाही तिथून निघावे लागते. पाळीव मांजराचे तसे नाही: पाखरे संपली तरी त्याची दुधाची वाटी भरलेलीच असते. म्हणून चिंता करायचीच तर मांजराची करावी. शिक्र्याला मारणे किंवा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तो रोजच येऊ लागला तर दाणे काही दिवस बंद ठेवा, पाण्याचे भांडे दाट झुडपापासून झेपेच्या अंतरावर हलवा, फवारणी थांबवा, देशी झाडे लावा. पाखरांसाठी एवढे करा, आणि शिक्र्याला येऊ द्या.