भिंतीतला गणिती

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेपावून पाडायचे, असा हा धसमुसळा खेळ. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याच्या पुढच्या फळीत पाच धिप्पाड गडी उभे राहतात. मागच्या सहकाऱ्याला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळावेत म्हणून चालून येणाऱ्यांना अंगाने थोपवायचे, हे त्यांचे काम. चेंडू घेऊन धावण्याचे भाग्य त्यांच्या वाट्याला क्वचितच येते आणि टाळ्याही दुसऱ्यालाच पडतात.

जॉन अर्शेल हा अशाच भिंतीतला एक चिरा. 1991 साली कॅनडातील विनिपेगमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेतील बफेलो शहरात वाढलेला. वडील शल्यविशारद, आई वकील. लहानपणी आईने हातात दिलेल्या कोड्यांच्या पुस्तकांत तो तासन्‌तास रमे.

फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर तो पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या मैदानावर सामन्याला लाखभर प्रेक्षक जमतात. 2011 साली एका माजी प्रशिक्षकाच्या बाललैंगिक अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघावर कडक निर्बंध लादले गेले. खेळाडूंना दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली, काही गेलेही. अर्शेल थांबला. 2013 पर्यंत गणितातील पदवी आणि पदव्युत्तर पदवी त्याने मिळवली होती. दुपारी मैदानात टकरा घेणारा हा सुमारे 135 किलोचा गडी विद्यापीठात मुलांना गणितही शिकवत असे. त्याच वर्षी खेळ व अभ्यास या दोन्हींतील कर्तृत्वासाठी दिला जाणारा कॅम्पबेल करंडक त्याला मिळाला. 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडले.

‘खेळ की अभ्यास?’ हा आपल्याही घराघरांतला प्रश्न. अर्शेलपुढे मात्र तो वेगळ्याच रूपात उभा राहिला. ऑगस्ट 2015 मध्ये सरावात डोक्याला जबर मार बसला आणि तो बेशुद्ध पडला. काही आठवड्यांत शरीर मैदानासाठी तयार झाले, पण उच्च गणिताला लागणारी कल्पनाशक्ती परतायला त्याहून अधिक वेळ लागला. तरीही तो खेळत राहिला. टक्कर घेण्यातला आनंद आपल्याला सोडवत नाही, हे त्याने कधी लपवले नाही.

जुलै 2017 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. मरणोत्तर तपासलेल्या 111 व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये वारंवारच्या आघातांनी होणारा विकार आढळला होता. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते; बहुतेकांना आधीच शंका असणार. तेव्हा हे प्रमाण सर्वच खेळाडूंना लागू होत नाही. पण इशारा स्पष्ट होता. दोनच दिवसांनी, वयाच्या 26व्या वर्षी, अर्शेलने निवृत्ती जाहीर केली. डिसेंबरमध्ये घरी पहिले बाळ येणार होते आणि विख्यात एमआयटी संस्थेत डॉक्टरेटचा अभ्यास सुरू होता. ती पदवी त्याला 2021 मध्ये मिळाली. 2023 मध्ये तो तिथेच सहायक प्राध्यापक झाला.

अर्शेलला परतायला गणिताचे घर होते. भिंतीतल्या उरलेल्या चौघांचे काय, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.