दहा टन कोळसा, तीन मिनिटांचं अंतर

पहाटे ४. फ्रँकफर्टजवळचा ऱ्हाइन-माइन तळ, जानेवारी १९४९. सोव्हिएत फौजांनी जून १९४८मध्ये पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे अडवले. तेव्हापासून तिथल्या वीस लाखांवर माणसांचं पीठ आणि कोळसा विमानानंच जातोय. वैमानिक हवामानाची माहिती घेताहेत. फ्लाइट इंजिनिअर, हुद्द्यानं बहुधा सार्जंट, टॉर्च घेऊन सी-५४ मालवाहू विमानाभोवती फिरतोय. इंधनटाक्यांच्या तळाचं पाणी काढतो, चारही इंजिनांचं तेल बघतो. टायरपाशी मात्र रेंगाळतो. पूर्ण ओझ्यानिशी रोज उतरून टायर आणि ब्रेक लवकर झिजतात.

पावणेपाच. दहा टन कोळसा पोत्यांतून चढला. बांधलेले पट्टे तो स्वतः ओढून बघतो. कोळशाची पूड त्याची खरी वैरी: फटींतून खाली उतरते, तारांच्या जोडांत आणि उपकरणांत शिरते. बर्लिनला मीठही पोचवायचं असतं, पण ते तर धातूच खातं. म्हणून ब्रिटिशांनी हिवाळ्याआधी ते बर्लिनमधल्या हाफेल नदीच्या पाण्यावर उतरणाऱ्या संडरलँड विमानांतून नेलं. ती मुळात खाऱ्या पाण्यासाठीच बांधलेली.

साडेपाच. उड्डाण. पुढचं विमान तीन मिनिटं पुढे, मागचं तीन मिनिटं मागे. वैमानिकांच्या मधे बसून तो इंजिनांच्या काट्यांवर नजर ठेवतो. एकाचं तापमान चढतं. तो आवरणाच्या झडपा थोड्या उघडतो, काटा उतरेपर्यंत डोळा हलवत नाही.

सव्वासात. इमारतींमधून वाट काढत पश्चिम बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ. उतरणं हुकलं तर घिरट्या नाहीत, माल घेऊन परत. १३ ऑगस्ट १९४८ला खराब हवेत बर्लिनवर विमानांची कोंडी झाली, त्या गोंधळानंतर या हवाई पुरवठ्याचे प्रमुख जनरल विल्यम टनर यांनी घातलेला हा नियम. कॉफीची गाडी विमानापाशीच येते. जर्मन कामगार पोती उतरवतात, तोवर फ्लाइट इंजिनिअर तापलेलं इंजिन तपासतो.

याच धावपट्टीजवळच्या मुलांसाठी अमेरिकी वैमानिक गेल हॅल्वरसन यांनी रुमालांच्या छत्र्यांना खाऊ बांधून टाकला. त्या छत्र्या फ्लेअरच्या नळीतून बाहेर ढकलणारे हात होते फ्लाइट इंजिनिअर सार्जंट हर्शेल एल्किन्स यांचे. हॅल्वरसन जगाला ठाऊक झाले. एल्किन्स यांचं नावही तितक्याच आदरानं घ्यायला हवं.

दुपारी दुसरी फेरी, तशीच.

संध्याकाळी ६. बिघाडांची नोंद फ्लाइट इंजिनिअर जमिनीवरच्या मेकॅनिकांना समजावून देतो. त्यांच्यात कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मन हवाई दलाचे कारागीरही आहेत.

अमेरिकेनं जुलै १९४९मध्ये या हवाई पुरवठ्याच्या कामासाठी ‘मेडल फॉर ह्यूमेन अॅक्शन’ सुरू केलं. त्यावर सी-५४ कोरलेलं आहे. किमान १२० दिवसांच्या सेवेची अट होती. सेवेत जीव गेलेल्यांना ती नव्हती.