झऱ्याने बांधलेला पूल

पूल कोण बांधतो, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, "गवंडी आणि इंजिनिअर." पण एक पूल असा आहे, की तो झऱ्याच्या पाण्याने बांधला आहे. चला, आज तो पाहायला जाऊ.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात अँडीज हा उंच पर्वत आहे. मेंडोसा शहरातून चिली देशाकडे जाणारी सडक या पर्वतात चढत जाते. सुमारे 2,700 मीटर उंचीवर लास क्वेव्हास नदीची खोल दरी लागते. तेथे दरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पिवळ्या-नारिंगी दगडाची कमान दिसते. हाच 'पुएंते देल इंका'. स्पॅनिश भाषेत 'पुएंते' म्हणजे पूल. नाव इंका लोकांचे असले, तरी त्यांनी तो बांधलेला नाही.

मग तो झाला कसा? पुलापाशी गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीलाही अशी गरम पाण्याची कुंडे आहेत. पाणी जमिनीत खोल मुरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. येताना ते खडकांतील चुना, लोह असे पदार्थ बरोबर आणते. बाहेर येताच चुन्याचा थर साचू लागतो. घरी पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिला असेल. तसेच येथे घडले. या चुन्याने दरीतील दगडगोटे सिमेंटसारखे जोडले. खालचा सैल भाग नदीने वाहून नेला आणि वरचा थर कमानीसारखा उरला. लोहामुळे त्याला नारिंगी रंग आला.

या पाण्यात ठेवलेल्या बाटल्यांवर आणि बुटांवरही असा थर चढतो. जवळच्या दुकानांत अशा वस्तू विकायला असतात.

1835 साली प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन येथे आला होता. झऱ्यांच्या थरांनी गोटे जोडले गेले आहेत, हे त्यानेही लिहून ठेवले.

पुढे विसाव्या शतकात येथे मोठे हॉटेल झाले. लोक गरम पाण्यात स्नान करण्यासाठी लांबून येत. 1965 साली डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळला आणि हॉटेल नष्ट झाले. जवळचे लहानसे दगडी चर्च मात्र वाचले. स्नानगृहाच्या पडक्या भिंती आजही पुलाखाली उभ्या आहेत. त्यांच्यावरही नारिंगी थर चढला आहे.

पूर्वी लोक या पुलावरून चालत. पण चुन्याने जोडलेले गोटे किती भार सोसणार? पूल झिजू लागला. म्हणून 2005 च्या सुमारास त्यावर जाणे बंद करण्यात आले. आता तो दुरूनच पाहावा लागतो.

लांबून आलेला प्रवासी थोडा हिरमुसतो. "मी एकटा गेलो तर काय बिघडेल?" असे त्याला वाटते. पण प्रत्येकाने असेच म्हटले, तर पुलावर हजारो पाय पडतील. झऱ्याने थेंबाथेंबाने बांधलेला पूल कोसळला, तर तो कोणताही गवंडी पुन्हा तसा बांधू शकणार नाही.