कानावरची मालकी

रेनडिअर पाळीव की रानटी, याचे सरळ उत्तर नाही. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तरेकडे सामी या तिथल्या मूळनिवासी समाजातील पशुपालकांचे कळप डोंगरात आणि जंगलात मोकळे चरतात. त्यांना गोठा नाही, दावे नाही. एकेका कळपात अनेक कुटुंबांची जनावरे मिसळलेली असतात. कोणते कोणाचे हे ठरते ते कानांच्या कडेला सुरीने पाडलेल्या खाचांवरून.

पाडसे जन्मतात मे महिन्यात. उत्तर सामी भाषेत त्या महिन्याचे नावच मुळी ‘पाडसांचा महिना’ असे आहे. कान कातरण्याचे काम चालते जूनअखेर आणि जुलैत, तेही बहुधा रात्री. ध्रुववृत्तापलीकडे त्या दिवसांत सूर्य मावळत नाही, त्यामुळे उजेडाची अडचण नसते. उलट दिवसाच्या उन्हात धावाधाव केली, तर दाट केसांचे हे जनावर लगेच धापा टाकू लागते. कळप गोळा करायला डास आणि माश्यांचीही मदत होते. त्यांच्या त्रासाला कंटाळून रेनडिअर उंचावरच्या वाऱ्यात, न वितळलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर आपणहून दाटी करतात.

कुंपणात कोंडल्यावर कळप गोल फिरू लागतो. चालताना पायातली शीर हाडावरून घसरते आणि टक् असा आवाज होतो. शेकडो पायांची ही टकटक आणि तिच्यात आया-पाडसांचे घोगरे हुंकार मिसळलेले.

आता खरा प्रश्न येतो. पाडसाच्या कानावर काहीच लिहिलेले नाही, मग ते कोणाचे? त्याचे उत्तर पाडसालाच द्यावे लागते. अनेक ठिकाणी आधी प्रत्येक पाडसाच्या गळ्यात आकड्याची पाटी अडकवतात आणि मग माणसे बाजूला होऊन नुसती पाहत राहतात. हळूहळू एकेक पाडस आपली आई शोधून तिच्यामागे चालू लागते. आईच्या कानाची खूण धावत्या गर्दीत दुरून वाचायची आणि वहीत पाडसाच्या आकड्यापुढे मालकाचे नाव लिहायचे. सगळ्या कामात अवघड भाग हाच. सुरीचे काम त्यामानाने सोपे.

मग फासाचा दोर फिरतो. उत्तर सामीत त्याला ‘सुओहपान’ म्हणतात. दोर पूर्वी चामड्याचा असे, आता प्लॅस्टिकचा असतो. पाडस आडवे करून गुडघ्यांत धरतात आणि धारदार सुरीने दोन्ही कानांवर आईच्या मालकाची खूण उतरवतात. कापलेला तुकडा खिशात जातो, कारण शेवटी तुकडे मोजले की पाडसांची संख्या कळते. सुटलेले पाडस थेट आईकडे पळते, आणि आई ते हुंगून आपलेच असल्याची खात्री करून घेते.

खाचांचे आकार मोजकेच, पण त्यांची जागा आणि जुळणी बदलून असंख्य खुणा तयार होतात. प्रत्येक खूण अधिकृतपणे नोंदलेली असते. मुलांनाही स्वतःची खूण मिळते, त्यामुळे एकाच घरात अनेक खुणा नांदतात.

उन्हाळ्यात निसटलेली पाडसे शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात गाठतात. त्याला मात्र मुदत आहे. पुढचे पाडस येण्याच्या सुमारास आई आधीच्याला दूर लोटते आणि पुरावा संपतो. स्वीडनमध्ये सामींच्या 51 चराई-संघटना आहेत. आईपासून तुटलेले बिनखुणेचे जनावर तिथे कोण्या एकाचे राहत नाही, ते त्या भागातल्या संघटनेच्या मालकीचे होते.