तटबंदी उतरवणारे क्रियापद

'डिसमँटल' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मराठीत बहुधा 'मोडणे' असा सांगितला जातो. परंतु त्याने अर्थाचा निम्माच भाग हाती येतो आणि अधिक मोलाचा भाग निसटतो. सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या पोटात 'मँटल', म्हणजे अंगावरचा झगा, हा शब्द असून 'डिस' हा उपसर्ग तो झगा उतरवल्याचे दाखवतो. फ्रेंचमध्ये हा झगा किल्ल्याचा होता, आणि तो झगा म्हणजे तटबंदी. म्हणून तट-बुरूज पाडून किल्ला पुन्हा लढवता येणार नाही अशा अवस्थेत आणणे, हा या क्रियापदाचा जुना अर्थ.

या जुन्या अर्थाचे उदाहरण नवी मुंबईतील नेरूळकरांना रेल्वेने दुसऱ्याच स्थानकावर, बेलापूरला, पाहता येते. तेथील किल्ला 1817 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मराठ्यांकडून घेतला आणि मराठ्यांची ठाणी निकामी करण्याच्या धोरणानुसार त्याचा काही भाग पाडून टाकला. किल्ले गावठाण या नावात आणि उरलेल्या अवशेषांत तो आजही टिकून आहे. मुंबईच्या कोटाची भिंत मात्र शत्रूने पाडली नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1860 च्या दशकात, वाढत्या शहराला ती अडचणीची वाटू लागल्यामुळे ती उतरवली गेली, आणि मागे 'फोर्ट' हे नाव तेवढे उरले.

पुढे हे क्रियापद किल्ल्यांवरून यंत्रांकडे वळले आणि त्याला एक नवी छटा मिळाली. यंत्र 'डिसमँटल' करणे म्हणजे जोडणीच्या उलट क्रमाने त्याचे भाग सुटे करणे. ते भाग शाबूत राहतात, किंबहुना बरेचदा ते शाबूत राहावेत म्हणूनच हे काम केले जाते. 'डिमॉलिश', म्हणजे पाडून टाकणे, याच्याशी असलेला फरक येथेच आहे, आणि तो केवळ कोशापुरता नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाच्या मानकांत या दोन्ही संज्ञांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत: पहिलीत भाग इजा न होऊ देता काळजीपूर्वक वेगळे करून काढायचे असतात, दुसरीत बांधकाम फोडायचे असते. नेरूळमध्ये सिडकोच्या काळातील इमारतींचा पुनर्विकास होताना हा फरक डोळ्यांना दिसू शकतो, कारण दारे, खिडक्या, ग्रिल आणि नळ काढून घेणे हे पहिले काम, तर त्यानंतर स्लॅब फोडणे हे दुसरे. महानगरपालिकेच्या मराठीत अनधिकृत बांधकामाबाबत वापरला जाणारा 'निष्कासन' हा शब्द या दोहोंना एकाच पोत्यात घालतो, आणि ते भाषेच्या दृष्टीने नुकसानच आहे.

खरे तर मराठीला या बाबतीत शब्दांची वाण नाही. शिवण उसवतात, गाठ सोडतात, घडी उलगडतात, कौले उतरवतात, परांची सोडतात, गॅरेजात इंजिन खोलतात आणि भिंत पाडतात. म्हणजे जोड कोणत्या प्रकारचा होता, हे मराठी क्रियापद स्वतःच सांगून टाकते. इंग्रजी शब्द जोडाविषयी मौन बाळगतो आणि रचनेकडे बोट दाखवतो, म्हणून त्याला एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे.

मोठ्या वस्तूच्या बाबतीत 'मोडीत काढणे' हा प्रयोग त्याच्या सर्वांत जवळ जातो. 'मोड' म्हणजे जुन्या धातूच्या वस्तूंचा भंगार माल. जुनी भांडी मोडीत घालून नवी घेण्याची रीत घरोघरी परिचित आहे. 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली आणि 1997 मध्ये सेवानिवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघाली, तेव्हा तेथे या क्रियापदाच्या दोन्ही छटा एकत्र आल्या: तिचे सुटे झालेले पोलाद पुढे वापरात आले, पण जहाज म्हणून ती संपली.

अमूर्त अर्थाने हाच प्रयोग व्यवस्थेला लागू होतो. गुन्हेगारांची टोळी, वसाहतीची राजवट किंवा जुने कायदे 'डिसमँटल' केले असे इंग्रजीत म्हटले जाते, तेव्हा एका घावात नाश झाला असे सांगायचे नसते. माणसे, पैसा आणि अधिकार यांचे एकमेकांशी असलेले दुवे एकेक करून तोडले गेले आणि त्यामुळे ते यंत्र चालेनासे झाले, असे सुचवायचे असते. अशा ठिकाणी 'उद्ध्वस्त करणे' हा शब्द घालणारा अनुवादक ती संथ, पायरीपायरीची क्रिया गमावतो. 'मोडीत काढणे' ती बऱ्याच अंशी राखते.