चीनहून आलेला ‘गारा’

पारशी लग्नाचे आमंत्रण आले की ‘पात्रानी मच्छी’च्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते. पण मांडवात नजर खिळते ती वयस्क स्त्रियांच्या साड्यांवर. गडद जांभळ्या किंवा काळ्याभोर रेशमावर पांढऱ्या धाग्याने भरलेले पक्षी, वेली, पूल आणि पॅगोडा! हाच तो ‘गारा’. पारशी स्त्रीची ही खास ओळख. पण हा पॅगोडा काही नवसारीचा नव्हे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे पारशी व्यापारी जहाजाने चीनमधील कँटन बंदरी जात. इकडून कापूस आणि अफू न्यायची, तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणायची. (गाऱ्याचे कौतुक करताना अफूचा उल्लेख सहसा गाळला जातो.) त्याच जहाजांतून भरतकामाचे रेशीम घरी आले आणि पुढे साडीच्या मापानेच ते भरून घेतले जाऊ लागले. नेसण मात्र गुजराती वळणाची, उजव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या पदराची.

चिनी कारागीर करकोचा भरत असे तो दीर्घायुष्यासाठी आणि वटवाघूळ सुखासाठी, कारण त्यांच्या भाषेत या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच! पारशी घरांत हे अर्थ कोण विचारतो? तिथे नक्षीला घरगुती नावे मिळाली. पक्ष्यांची जोडी झाली ‘चकला-चकली’ आणि गोल ठिपक्यांची नक्षी चक्क ‘कांदा-पपेटा’, म्हणजे कांदा-बटाटा. कोंबडा मात्र सहज सामावला; पहाटे जागवणारा हा पक्षी जरथुश्त्री धर्मात पवित्रच आहे. पुढे पारशी स्त्रिया स्वतःही हे काम शिकल्या.

२०११च्या जनगणनेत देशात अवघे ५७,२६४ पारशी उरले होते. आजीचा गारा एक आणि नाती दोन, असाही पेच पडतो. त्यातून धागा टिकतो, पण त्याच्या भाराने जुने रेशीम घडीवर चिरते. मग भरतकाम सोडवून नव्या कापडावर बसवतात. यंत्रावरचे स्वस्त गारे बाजारात मिळतात. हातचा हवा तर महिनोन्‌महिने थांबावे लागते आणि किंमतही लाखांच्या घरात जाते. १९९९ साली सुरू झालेल्या ‘पारझोर’ प्रकल्पाने नव्या कारागिरांना हे टाके शिकवले आहेत.

घरात जुना गारा असेल तर तो हँगरला मुळीच टांगू नये. मलमलीत गुंडाळावा आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी.